नवी चढाई, जुने खेळाडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रशिक्षक बदलला की बरेचदा चढाईची पद्धतच बदलते आणि चाहत्यांच्या अपेक्षा आभाळाला भिडतात. मिशिगन विद्यापीठात २००८ साली रिच रॉड्रिगेझ प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या ‘स्प्रेड’ पद्धतीत खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पांगतात, प्रतिस्पर्ध्याचा बचाव विरळ होतो आणि चढाईचा सूत्रधार असलेला चपळ क्वार्टरबॅक स्वतःच चेंडू घेऊन पळतो. संघ मात्र वेगळ्याच पद्धतीसाठी निवडलेला. पहिल्याच हंगामात १२ पैकी ९ सामने गेले! लाखावर प्रेक्षक बसणाऱ्या स्टेडियमला ते फार लागलं. माझ्या मते तिथे घाई चाहत्यांची झाली. अशा पद्धतीला योग्य क्वार्टरबॅक मिळेपर्यंत वेळ द्यावाच लागतो. २०१०मध्ये तसा क्वार्टरबॅक मिळाला: डेनार्ड रॉबिन्सन तब्बल १,७०० यार्डांहून अधिक धावला. संघाचा बचाव मात्र कच्चाच राहिला आणि त्या हंगामानंतर रॉड्रिगेझ यांना जावं लागलं.