मोबाईलवरील डॉक्टर आणि आपला विश्वास



घरांत कोणी आजारी पडलें कीं आपण भरंवशाचा डॉक्टर शोधतों. तो नाडी पाहतो, पोट चांचपतो, घराण्याची प्रकृति जाणतो. आतां डॉक्टर मोबाईलच्या पडद्यावरूनही बोलूं लागला आहे. त्याच्यावर विश्वास ठेवावा काय, आणि ठेवावा तर किती, याचा आज थोडा विचार करूं.

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्यें सुरू झाली. एप्रिल २०२० पासून, टाळेबंदीच्या काळांत, घरीं बसलेल्या रोग्यांसही ती खुली झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यामार्फत १० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. लोकांनीं ती इतकी स्वीकारली याचें एक कारण तिच्या रचनेंत आहे. गांवच्या आरोग्यकेंद्रांतील अधिकारी रोग्याशेजारीं बसतो, रक्तदाब मोजतो आणि दूरच्या डॉक्टराशीं गांठ घालून देतो. ओळखीचें माणूस जवळ असल्यामुळें अनोळखी डॉक्टराचें भय वाटत नाहीं. शहरांतही वृद्धांच्या हातीं नुसतें यंत्र देऊन भागत नाहीं. पहिल्या एकदोन वेळां घरांतील कोणी त्यांच्याजवळ बसावें.

मात्र विश्वास डोळस हवा. यासाठीं तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, समोर कोण आहे? दूरवैद्यकाचे नियम २५ मार्च २०२० रोजीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें डॉक्टरानें आरंभींच आपलें नांव व पात्रता सांगावयाची असते आणि चिठ्ठीवर नोंदणीक्रमांक लिहावयाचा असतो. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें परस्पर औषध लिहून देण्यास त्या नियमांत मनाई आहे.

दुसरा प्रश्न, दुरून काय कळत नाहीं? पडद्यावरून पोट दाबून पाहतां येत नाहीं, कीं छातीला नळी लावतां येत नाहीं. म्हणून मादक द्रव्यांच्या कायद्याखालचीं औषधें दुरून देतां येत नाहींत, आणि डॉक्टरास शंका आल्यास तो प्रत्यक्ष तपासणीस बोलावूं शकतो. ‘मला येऊन भेटा’ असें म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करतो असें समजूं नये. तोच अधिक विश्वासास पात्र होय. छातींत कळ आली किंवा एक अंग लुळें पडलें, तर पडद्यापुढें क्षणही न दवडतां १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरा प्रश्न, आपलें बोलणें कोठें जातें? आजार ही घरांतली गोष्ट आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला. माहिती कशासाठीं हवी हें सांगून संमति घ्यावी, हें त्याचें एक मुख्य तत्त्व आहे. तेव्हां न वाचतां ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवूं नये.

अविश्वासानें साध्या तापाचा रोगी उपचारावांचून राहतो, आणि अतिविश्वासानें हृदयविकाराचा रोगी घरींच अडकतो. या दोन्ही चुका टाळण्यास हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. ते घरांतील लहानथोर सर्वांस माहीत असावेत, एवढीच विनंति.