‘संगीत बारी’ : लावणी कलावंतांचे जीवन रंगमंचावर

महाराष्ट्राच्या लोककलांत लावणीला मानाचे स्थान आहे. ती सादर करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला मात्र तो मान क्वचितच आला. तिच्या कलेला दाद मिळते. तिच्या घरसंसाराविषयी कुचेष्टाच अधिक ऐकू येते. ही विसंगती समाजापुढे मांडण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे ‘संगीत बारी’ हा वास्तवावर आधारलेला रंगमंचीय कार्यक्रम होय.

सावित्री मेधातुल व भूषण कोरगांवकर यांनी लावणी कलावंतांच्या जीवनाचा मागोवा घेऊन २००८ साली ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट सिद्ध केला. कोरगांवकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर हाच विषय रंगमंचावर आला. निवेदक प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगतात आणि त्यांना जोडून लावणी सादर होते. या कलावंतांची भूमिका येथे कोणी अभिनेत्री वठवीत नाही. शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या, या परंपरेत वाढलेल्या कलावंत स्वतःच प्रेक्षकांसमोर येतात.

बारी म्हणजे पाळी. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी व वग असा क्रम असतो. संगीत बारीत वग नसतो. गायन व नृत्य हेच तिचे सर्वस्व. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातील चौफुला, सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब ही तिची परिचित केंद्रे होत. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात व आळीपाळीने रंगमंचावर येतात. बहुधा पार्टीची मालकीण स्त्रीच असते. नाचणाऱ्या मुली, ढोलकीवाला, पेटीवाला या साऱ्यांची चूल त्या मिळकतीवर पेटते. बैठकीच्या लावणीत बसल्या जागी डोळे, चेहरा व हात यांतून अर्थ उलगडावा लागतो. ही अदाकारी दीर्घ साधनेनेच साध्य होते. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली मिळालेली पद्मश्री हा त्या साधनेचाच गौरव होता.

या जीवनाची दुसरी बाजू कठोर आहे. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीने लग्न करावयाचे नाही, तिच्या कमाईवर आईवडील व भावंडे यांनी जगावयाचे, अशी रूढी होती. तिच्या मुलांना पित्याचे नाव लाभत नसे. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ सालच्या आत्मकथनात ही वेदना शब्दबद्ध केली. आईचे नाव लावणारा हा मुलगा पुढे डॉक्टर झाला.

या प्रश्नाशी शाळा व ग्रामपंचायत यांचा निकटचा संबंध येतो. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तसेच शाळा सोडल्याच्या दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश अडवून ठेवता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. बारीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मातेच्या दृष्टीने या तरतुदी मोलाच्या आहेत.

तथापि, प्रवेशाच्या दिवशी ‘वडील कोण?’ हा प्रश्न चारचौघांत, कोणत्या स्वरात विचारला जातो, हे कायदा ठरवू शकत नाही. ते शिक्षकाच्या व ग्रामसेवकाच्या हाती आहे. जत्रेत जिच्या लावणीला गाव दाद देते, तिचे मूल दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात आले, तर त्याचे नाव इतर मुलांप्रमाणेच सहजपणे नोंदले जावे. कलावंताचा खरा सन्मान तेथून सुरू होतो.