आयोडीनयुक्त मिठाची सक्ती : शासनाच्या अधिकाराचा प्रश्न

समुद्रापासून दूर असलेल्या परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावासारख्या गावी मीठ हा घरोघर विकतच घ्यावा लागणारा पदार्थ होय. दुकानात जे मीठ मिळेल तेच ताटात येते. मीठविक्रीवरील निर्बंध म्हणूनच प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचतो आणि त्याविषयीचा वाद केवळ व्यापारी वाद राहत नाही.

प्रौढ माणसास दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. ते न मिळाल्यास गलगंड होतो. गर्भवतीस न मिळाल्यास अर्भकाच्या मेंदूची वाढ खुंटते. १९५६ मध्ये कांग्रा खोऱ्यात सुरू झालेल्या रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले. त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. श्रीमंत व गरीब दोघेही रोज खातात, म्हणून मीठ हे वाहन निवडले गेले.

साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी केंद्र शासनाने २००० मध्ये उठविली आणि अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत नियम ४४-आय घालून १७ मे २००६ पासून पुन्हा लागू केली. विरोधकांचे म्हणणे असे की, गलगंड सर्वत्र नाही. ज्यास पुरेसे आयोडीन मिळते त्यावर सक्ती का? शिवाय साधे मीठ स्वस्त असून लहान उत्पादकांची उपजीविका त्यावर चालते. समर्थकांचे उत्तर असे की, ही उणीव डोळ्यांस दिसत नाही. दुकानात दोन्ही प्रकारचे मीठ ठेवले तर स्वस्त मीठ घेणारा गरीबच संरक्षणास मुकेल.

नागपूरच्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी निर्णय दिला. आयोडीनयुक्त मीठ घातक आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. त्याचा मुद्दा निराळा होता. १९५४ च्या अधिनियमाने आरोग्यास अपायकारक पदार्थाची विक्री रोखण्याचा अधिकार दिला होता. साधे मीठ स्वभावतः अपायकारक नाही. म्हणून नियम अधिकारबाह्य ठरला. तथापि सार्वजनिक आरोग्याचा विचार करून न्यायालयाने तो सहा महिने चालू ठेवला. दरम्यान ऑगस्ट २०११ मध्ये अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील विनियम अमलात आले. त्यांतही थेट मानवी सेवनासाठी साधे मीठ विकण्यावर निर्बंध आहे.

या प्रकरणाचे महत्त्व एका भेदात आहे. विष रोखणे हे एक कार्य; निर्दोष वस्तू दूर करून हितकर वस्तू अनिवार्य करणे हे दुसरे. पहिल्यास अपायाचा पुरावा पुरतो. दुसऱ्यास गरजेचा पुरावा, विधिमंडळाने स्पष्टपणे दिलेला अधिकार आणि वेळोवेळी फेरतपासणी ही तिन्ही लागतात. हेतू उत्तम असला तरी तो अधिकाराची जागा घेऊ शकत नाही; आणि अधिकार सदोष ठरला, एवढ्याने त्यामागील विज्ञान खोटे ठरत नाही.