काचेखालचा आधार वाकणारा हवा
गाडीने पादचाऱ्याला उडवले, की त्याचे डोके अनेकदा समोरच्या काचेच्या चौकटीवर आपटते. काच तडकून थोडी दबते. पण तिची खालची कड ताठ असेल, तर डोके एकदम थांबते आणि आतला मेंदू कवटीवर आदळतो. म्हणून काचेखालचा आधार धक्क्याने वाकेल, चेपेल असा घडवतात. डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळाले, तरी इजा कमी होते. बाजूचे खांब छत पेलतात. ते मऊ करता येत नाहीत. व्होल्व्होने २०१२ मध्ये व्ही ४० गाडीत खांबांचा खालचा भाग आणि काचेची कड झाकणारी, बाहेर फुगणारी एअरबॅग दिली. गाडी घेताना आपण आतल्या एअरबॅग मोजतो. पायी चालणाऱ्याच्या डोक्यासाठी काय केले आहे, हेही विचारू या.