कावळ्याचे बसणे आणि फांदीचे मोडणे

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याच्या भाराने मोडली असे शहाणा मनुष्य म्हणत नाही. वृत्तपत्रे, चित्रपट व नभोवाणी ह्यांच्या परिणामांविषयी बोलताना मात्र हे शहाणपण पुष्कळदा सुटते. नभोवाणीवर सुधारलेल्या बियाण्याविषयी भाषणे झाली आणि पुढच्या हंगामात गावाने ते बियाणे पेरले, की भाषणांचा गुण आला असे मानले जाते. परंतु त्याच सुमारास ग्रामसेवक गावात येऊन गेला असेल, सोसायटीने कर्ज दिले असेल, किंवा शेजारच्या शिवारातील पीक पाहून लोकांचे मत आधीच बदललेले असेल. रेडिओ बाळगणारा शेतकरी इतरांहून अधिक जाणकार आढळला, तरी अडचण तीच. रेडिओने तो जाणकार झाला, की जाणकार व सुखवस्तू होता म्हणून त्याने रेडिओ घेतला?

ह्याचा निर्णय करायचा तर भाषणे झाली नसती तर त्याच गावात काय घडले असते, हे कळले पाहिजे. ते प्रत्यक्ष पाहणे कोणालाही शक्य नाही. म्हणून संशोधक त्या गावासारखेच दुसरे गाव शोधतो व त्याला मुद्दाम भाषणांपासून दूर ठेवतो. दोन्हीकडे आधी प्रश्न विचारावयाचे, नंतर पुन्हा तेच विचारावयाचे, आणि पडलेला फरक ताडून पाहावयाचा. कोणत्या गावाला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविले तर उत्तमच. मग हौशी गावे एका बाजूला गोळा होण्याचे भय उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कार्ल हॉव्हलंड व त्यांचे सहकारी ह्यांनी ही रीत अमेरिकेच्या सैन्यात वापरली. ब्रिटनच्या हवाई लढाईवरील चित्रपट काही सैनिकांना दाखविला, तशाच दुसऱ्या सैनिकांना दाखविला नाही. पाहणाऱ्यांची माहिती बरीच वाढली, लढण्याची उमेद मात्र फारशी वाढली नाही. चित्रपट दाखविणाऱ्यांना हवी होती ती उमेद! नुसत्या टाळ्या मोजून हा भेद कधीच कळला नसता.

मराठी मुलखातही असा एक प्रयोग झाला. 1956 साली फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांसाठी एकूण 20 कार्यक्रम प्रसारित केले. गावोगाव श्रवणमंडळे स्थापन झाली. मंडळी एकत्र बसून शेती, आरोग्य, ग्रामपंचायत अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. ही कल्पना मूळची कॅनडातील. परीक्षणाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व त्याची सूत्रे पॉल न्यूराथ ह्यांच्याकडे. व्हिएन्नाचे तत्त्वज्ञ ऑटो न्यूराथ ह्यांचे हे चिरंजीव. नाझींच्या छळछावण्यांतून ते वाचले होते.

न्यूराथ ह्यांनी मंडळे असलेली 20 गावे तपासली आणि तुलनेसाठी मंडळे नसलेली आणखी 20 घेतली. त्यांपैकी निम्म्या गावांत रेडिओ होता, निम्म्यांत नव्हता. प्रयोगाचे सारे मर्म ह्या वाटणीत आहे. केवळ रेडिओ नसलेली गावे तुलनेला घेतली असती, तर मंडळांच्या गावी दिसलेल्या प्रगतीचे श्रेय यंत्राला द्यावे की चर्चेला, हे कधीच उमगले नसते. मधल्या गावांनी ते उलगडले. मंडळांच्या गावी लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावी ते थोडेच वाढले. रेडिओ नसलेल्या गावी जवळजवळ वाढलेच नाही. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. चावडीवर पेटी आणून ठेवली की काम झाले, असे मानणाऱ्या योजनेचा खर्च बव्हंशी वाया जावयाचा.

तथापि शंकेला जागा उरतेच. दोनदा प्रश्न विचारल्याने मनुष्य त्या विषयाकडे अधिक लक्ष देऊ लागतो. पण प्रश्न सर्वच गावांत दोनदा विचारले असल्यामुळे हा दोष दोन्ही पारड्यांत सारखा पडतो. आपल्याकडे पुण्याचे लक्ष आहे ही जाणीव मात्र मंडळांच्या गावीच अधिक असणार. कार्यक्रम नवा, अधिकारी येऊन विचारपूस करणारे, केंद्राकडून शंकांना उत्तरे मिळणारी. अशा वेळी उत्साह चर्चेचा किती आणि कौतुकाचा किती, हे वेगळे काढणे अवघड. शिवाय मोजले ते प्रामुख्याने ज्ञान, आणि तेही दहा आठवड्यांतले. गावकरी शिकलेले पुढे आचरणात आणतील की नाही, हे ह्या मापात बसत नव्हते.

न्यूराथ ह्यांनी जे. सी. माथुर ह्यांच्याबरोबर लिहिलेला वृत्तांत युनेस्कोने 1959 साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यास प्रारंभ झाला आणि पुढील काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांच्या घरात गेली. पुण्याच्या 150 गावांना दहा आठवडे जी देखरेख लाभली होती, ती इतक्या मंडळांना पुरविता येईल की नाही, हा प्रश्न 1956 च्या प्रयोगात विचारलेलाच नव्हता.