अप्रकाशित ध्वनिफिती आणि त्यांची पुष्पिका

मुद्रणकला येण्यापूर्वी आपले वाङ्मय कोणी जगविले, ह्या प्रश्नाचे उत्तर साहित्याच्या प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे. ते नकलकारांनी जगविले. पोथी ज्याच्या हाती आली त्याने ती उतरून घेतली, दुसऱ्यास उतरू दिली आणि ग्रंथ टिकला. हिंदुस्थानी संगीताच्या क्षेत्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशाच स्वरूपाची एक परंपरा निर्माण झाली. कोणत्याही कंपनीने प्रसिद्ध न केलेली, घरगुती बैठकीत, उत्सवात अथवा आकाशवाणीवरून टिपून घेतलेली थोर गायकांची ध्वनिमुद्रणे रसिकांनी परस्परांस दिली आणि घेतली. ह्या देवघेवीने काय राखले, काय बिघडविले आणि तिच्याबरोबर कोणते दायित्व येते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ह्या देवघेवीची गरज का पडली ते पाहू. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यास आरंभ झाला. तेव्हापासून सुमारे अर्धशतक मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी तबकडी हेच एकमेव साधन होते आणि तिच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. ख्यालाची बढत तासभर चालावयाची. स्वरामागून स्वर घेत राग उलगडावयाचा, समेची वाट पाहावयास लावावयाची, हा त्या गायकीचा प्राण. तबकडीत हे मावणे अशक्यच होते. तिच्यात चीज आली, चार ताना आल्या. विस्तार मात्र बाहेर राहिला. एखाद्या महाकाव्याचे कथासार छापावे आणि काव्य वगळावे, तसा हा प्रकार झाला.

१९५० नंतरच्या दशकांत टेपरेकॉर्डर काही सधन रसिकांच्या घरी येऊ लागला आणि ही अडचण दूर झाली. सात इंची रिळावर बाराशे फूट फीत बसे. सेकंदास पावणेचार इंच ह्या वेगाने ती फिरविली की एका बाजूवर एक तासाहून किंचित अधिक गायन येई. म्हणजे संपूर्ण ख्याल, मध्येच दिलेली श्रोत्यांची दाद आणि तंबोरे पुन्हा जुळविण्याचा आवाज ह्यांसह मैफलच फितीवर उतरू लागली.

ह्याचे महत्त्व इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ ह्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अतिविलंबित लयीत, संथपणे राग उलगडणाऱ्या ह्या गायकाच्या हयातीत निघालेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिका बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. त्यांपैकी एकीच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. १९७४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. आज त्यांच्या गायकीचा अभ्यास करणारा विद्यार्थी ज्या सामग्रीवर विसंबतो, तिचा फार मोठा भाग आकाशवाणीच्या आणि खाजगी ध्वनिमुद्रणांचा आहे. एकच राग त्यांनी निरनिराळ्या बैठकींत कसा मांडला, हे ताडून पाहण्यास त्या फितींवाचून दुसरा मार्ग नाही. उलट, जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ ह्यांच्या गायनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. १९४६ साली ते निवर्तले आणि त्यांचे प्रत्यक्ष गाणे केवळ शिष्यांच्या कंठात व श्रोत्यांच्या आठवणींत उरले. फीत असणे आणि नसणे ह्यांतील अंतर ह्या दोन नावांवरून ध्यानात यावे.

ह्या देवघेवीची काही अलिखित पथ्ये होती. दोन यंत्रे शेजारी ठेवून एका फितीवरून दुसरी उतरवावयाची. पैसा घ्यावयाचा नाही. मिळालेल्या मैफलीच्या बदल्यात आपल्याजवळची एखादी द्यावयाची. पुढे कॅसेट आली, तिच्यामागून संगणक आला आणि आता भ्रमणध्वनीवरून संपूर्ण मैफल क्षणार्धात परगावी पोहोचते. परंतु ह्या व्यवहाराला एक काळी बाजूही होती. आपल्याजवळचे दुर्मिळ गाणे इतरांस मिळू नये, त्याची दुर्मिळता हेच आपले भांडवल, अशी वृत्ती काही संग्राहकांत बळावली. कुलूपबंद कपाटातील फितीस दमट हवेने बुरशी लागते आणि मालकाच्या पश्चात ती रद्दीत जाते. दडवून ठेवलेली पोथी वाळवीच्या मुखी पडते, तशातलाच हा प्रकार होय.

नकलकार ग्रंथ जगवितो, तसाच तो त्यात अपपाठही घालतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद माजले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांना तिचे संशोधन करून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. ध्वनिफितींतही अपपाठ असतात. ते कानाला चटकन कळत नाहीत, एवढेच. प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढते आणि आवाजातील बारकावे झडतात. ह्याहून गंभीर दोष वेगाचा आहे. नक्कल करताना यंत्र सुमारे सहा टक्के जलद फिरले, तर स्वर अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातो असे वाटते आणि लयही तितकीच द्रुत होते. त्या फितीवरून त्या गायकाच्या लयीविषयी विधान करणारा अभ्यासक यंत्राचा दोष कलावंताच्या माथी मारीत असतो. रागाचे नाव चुकीचे लिहिणे, दोन वेगळ्या बैठकी एकत्र जोडणे, आरंभीची आलापी छाटणे, हेही नित्याचेच प्रकार आहेत.

आता सर्वांत नाजूक प्रश्न कलावंताच्या संमतीचा. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांनी काही तबकड्या दिल्या, परंतु पुढे ध्वनिमुद्रणास त्या राजी नसत, हे सर्वश्रुत आहे. ह्याला केवळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षे कष्ट करून मिळविलेली विद्या कोणीही फितीवरून उचलावी, हे ज्याने ती गुरूच्या सेवेने मिळविली त्यास रुचणार नाही. शिवाय घसा बसलेला असताना गायलेले गाणे अथवा फसलेला प्रयोग जगापुढे न ठेवण्याचा अधिकार कलावंतास असावयास हवा. लेखकही आपला कच्चा खर्डा छापू देत नाही. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाईंची भैरवी समाविष्ट झाली. त्याच वर्षी त्या निवर्तल्या. ताऱ्यांकडे गेली ती साडेतीन मिनिटांची भैरवी. त्यांच्या विलंबित ख्यालाचा विस्तार ऐकावयाचा, तर आजही रसिकांनी राखलेल्या मोजक्या ध्वनिमुद्रणांकडेच वळावे लागते.

कायद्यानेही ह्या प्रश्नाची दखल घेतली आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने कलावंतास आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला. त्याचबरोबर, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन व संशोधन ह्यांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही, असेही कलम ३९ सांगते. अभ्यासासाठी ऐकणे आणि नफ्यासाठी विकणे ह्यांतील रेषा येथे पुरेशी स्पष्ट आहे. कायदा जेथे थांबतो तेथे सौजन्याचा आरंभ होतो. कलावंत अथवा त्यांचे वारस हयात असतील तर त्यांस विचारावे. आपल्याजवळील मैफलीची प्रत प्रथम त्यांस द्यावी. त्यांनी नकार दिल्यास ती प्रसृत करू नये. जपून ठेवणे आणि पसरविणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची गरज नेहमीच असते. दुसरीला अनुमती लागते.

ह्यापुढे आपण काय करावयाचे? जुना नकलकार पोथीच्या अखेरीस पुष्पिका लिहीत असे. ग्रंथ कोणता, शक कोणता, स्थळ कोणते, लेखक कोण, एवढे त्यात येई आणि आजचा संशोधक तिच्यावरूनच प्रतीची पारख करतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणास अशी पुष्पिका हवी. त्यात गायक, साथीदार, राग, ताल, चिजेचा मुखडा, तारीख, गाव, यजमान, मूळ फीत कोणाची, ही कितवी नक्कल, ह्या गोष्टी याव्यात. गायकाची पट्टी ठाऊक असल्यास तीही लिहावी, म्हणजे वेगाचा दोष पडताळता येईल. जे निश्चित माहीत नाही ते कोरे सोडावे. अंदाजाने भरू नये. जुनी फीत सापडल्यास ती घाईने यंत्रावर चढवू नये, जाणकाराकडून उतरवून घ्यावी. १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ह्या संस्थेने स्थापिलेल्या संगीत-अभिलेखागारासारख्या संस्था अशा सामग्रीचे जतन करतात.

हे काम आपल्या गावांचे विशेष आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीस जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला राहिले; उस्ताद फैयाज खाँ बडोद्यास १९५० साली निवर्तले; केसरबाई गोव्याच्या, तर अमीर खाँ इंदूरचे. ह्या गावांतील मराठी घरांनी बैठकी घडविल्या आणि त्याच घरांच्या माळ्यावर आज रिळे पडून असण्याचा संभव आहे. त्या बैठकींस हजर असलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. फितीतील आवाज यंत्राने काही अंशी सुधारता येतो. परंतु ती रात्र कोणती, गाव कोणते, तबल्यावर कोण बसले होते, हे त्या वृद्धांनाच ठाऊक आहे. म्हणून शाळेतील मुलांसह त्यांच्याकडे जावे आणि पुष्पिका आधी लिहून घ्यावी.