गुडघेबदल आणि नव्या तंत्राची भुरळ : गैरसमज व वस्तुस्थिती

जत तालुक्यात आई-वडिलांचे गुडघे बदलायची वेळ आली की घरचे मिरज, सांगली, सोलापूर नाहीतर विजयपूर गाठतात. आता त्याआधी मोबाइल हाती येतो. ‘रोबोटिक’, ‘बिनटाक्यांची’, ‘दुसऱ्या दिवशी जिना’ असे सर्जनांचे व्हिडिओ एकामागून एक दिसतात. त्यातले खरे किती, हे शेत गहाण टाकण्याआधी कळायला हवे.

गैरसमज : रोबो शस्त्रक्रिया करतो, म्हणून चूक होत नाही.
वस्तुस्थिती : शस्त्रक्रिया सर्जनच करतात. हाड कुठे आणि किती अंशात कापायचे, याचे मोजमाप यंत्र देते आणि हत्यार मर्यादेत ठेवायला मदत करते. सांधा अधिक अचूक बसतो, हे खरे. पण त्यामुळे रुग्ण जास्त सुखाने चालतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. दक्षिण कोरियातील हजाराहून अधिक रुग्णांवरची चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. किमान 10 वर्षांनंतरही वेदना, हालचाल आणि सांध्याचे आयुष्य यांत रोबोटिक व नेहमीच्या पद्धतीत फरक आढळला नाही. तिथले यंत्र जुन्या पिढीचे होते. नव्या यंत्रांची इतक्या वर्षांची नोंद अजून व्हायची आहे.

गैरसमज : दुसऱ्या दिवशी चालणे ही नव्या तंत्राची किमया.
वस्तुस्थिती : चांगली भूल, वेदनाशमन आणि फिजिओथेरपी असेल तर नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतरही बहुतेकांना एक-दोन दिवसांत उभे करतात. ‘बिनटाक्यांची’ म्हणजे टाके आत विरघळणारे असतात किंवा कातडी चिकटद्रव्याने जोडलेली असते. जखम असतेच आणि दुखणे काही आठवडे राहते.

गैरसमज : महागडा सांधाच टिकतो.
वस्तुस्थिती : ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील 2019 च्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेले सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षे टिकले. हे सांधे काही दशकांपूर्वी बसवलेले होते. आज बाजारात आलेल्या सांध्याच्या 30 वर्षांच्या टिकाऊपणाचा पुरावा आज कोणाकडेच असू शकत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली; कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सुमारे 1.58 लाखांवरून 54,720 रुपयांवर आला. बिलात सांध्याची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहून मागा.

गैरसमज : एक्स-रेमध्ये झीज दिसली, म्हणजे गुडघा बदलायलाच हवा.
वस्तुस्थिती : झीज आणि वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. डेन्मार्कमधील 2015 च्या चाचणीत शस्त्रक्रियेने वेदना जास्त कमी झाल्या, पण गंभीर गुंतागुंतही जास्त झाली. व्यायाम, वजन घटवणे आणि औषधे यांवर असलेल्या गटातील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली नाही.

गैरसमज : डॉक्टरांचा व्हिडिओ म्हणजे निव्वळ आरोग्यशिक्षण.
वस्तुस्थिती : आजाराची माहिती देणे योग्यच. पण रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत मनाई आहे. समाजमाध्यमांसाठीचे नियम असलेली 2023 ची नवी नियमावली जाहीर झाली त्याच महिन्यात स्थगित झाली. व्हिडिओत बरे झालेले रुग्णच निवडून दाखवता येतात. प्रत्यक्षात पाचातला एक जण निकालावर पूर्ण समाधानी नसतो.

म्हणून दवाखान्यात तीनच प्रश्न धीटपणे विचारा : माझ्या गुडघ्याला शस्त्रक्रिया आताच का हवी? अशा शस्त्रक्रिया तुम्ही दरवर्षी किती करता? जादा पैशांनी मला नेमका कोणता फायदा मिळेल? शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रालाही विचारा. उत्तरे पटली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. झिजलेला गुडघा बहुधा चार-सहा आठवडे थांबू शकतो.